लाइनमीमांसा

लाइन हा शब्द स्त्रीलिंगी आहे, एवढ्या एका बाबतीत मराठी भाषकांचे मतैक्य आहे. त्यापुढे मतभेदांस प्रारंभ होतो. लेखन ह्रस्व इकाराने करावे की दीर्घ, सामान्यरूप 'लाइनी' असे करावे की शब्द अविकृत ठेवून त्यास 'मध्ये' चिकटवावे, अनेकवचन 'लाइनी' की 'लाइन्स', आणि मुख्य म्हणजे हा शब्द उच्चारणाऱ्यास नेमके काय म्हणायचे असते, या प्रश्नांचा एकत्र विचार व्हावा म्हणून प्रस्तुत प्रबंधाचा प्रपंच केला आहे.

इंग्रजीतील अनेकार्थी शब्दांची चर्चा निघाली की विद्वज्जन अग्रपूजेचा मान 'सेट' या शब्दास देतात. ऑक्सफर्ड कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद त्याचीच होती. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात 'रन' या शब्दाने त्यास मागे टाकले. या स्पर्धेत लाइन उतरलेली दिसत नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. ते कोशकार इंग्रजांच्या लाइनीचे अर्थ मोजत होते. बोरीबंदरला उतरल्यानंतर तिचे जे झाले, ते त्यांच्या अधिकारकक्षेबाहेरचे आहे.

१. व्युत्पत्ती आणि लक्षण

लॅटिनमध्ये लिनुम म्हणजे जवस. जवसाच्या काडीतील तंतूंचा जो धागा, तो लिनेआ. त्यावरूनच लिनन हे कापड आणि लाइन हा शब्द. सारांश, लाइन आणि जवसाची चटणी या एकाच वनस्पतीच्या दोन कन्या होत. विदर्भात दोहोंचा प्रादुर्भाव विशेष आढळतो. परंतु त्यावरून कोणताही निष्कर्ष काढण्याची घाई आम्ही करणार नाही.

या मूळ अर्थाशी आजही एकनिष्ठ राहिलेला वर्ग म्हणजे गवंड्यांचा. भिंतीच्या दोन टोकांना खिळे ठोकून गवंडी जी दोरी ताणतो, तीस लाइनदोरी म्हणतात, आणि विटांचा प्रत्येक थर तिच्या धाकात बसवला जातो. पायाच्या खोदाईपूर्वी फक्कीने जमिनीवर जी पांढरी आखणी करतात, ती लाइनआउट. ताणलेला धागा आणि त्याबरहुकूम होणारी मांडणी, हे पाहून प्राचीन रोमन शेतकऱ्यासही परकेपणा वाटला नसता. 'लाइन' म्हणजेच दोरी असल्यामुळे 'लाइनदोरी' हा शब्द पुनरुक्तिदोषाने दूषित आहे, असा आक्षेप शुद्धिवादी घेऊ शकतात. तो गवंड्याच्या कानी घातला असता तो ओळंबा सोडून पाहतो आणि पुढच्या थराला मसाला मागवतो.

आता लक्षण. युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात रेषेचे लक्षण 'रुंदीविरहित लांबी' असे केले आहे. न्यायशास्त्राप्रमाणे लक्षणाचे दोष तीन: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. युक्लिडचे लक्षण आपल्या लाइनीस लावताच तिन्ही दोष समयावच्छेदेकरून घडतात. रेशन दुकानापुढील लाइनीस रुंदी असते, कित्येकदा रुंदीच असते आणि लांबी नसते, ही अव्याप्ती. ज्यांस लांबी आहे पण रुंदी नाही अशी अध्यक्षीय भाषणेही या लक्षणात शिरतात, ही अतिव्याप्ती. आणि 'लाइन बिझी आहे' या प्रयोगात लांबी आणि रुंदी दोन्ही संभवत नाहीत, हा असंभव.

म्हणून आम्ही पुढील लक्षण सिद्ध करतो: *ज्या ठिकाणी व्यक्तींचे, विजेचे, गाडीचे अथवा अभिलाषेचे एका दिशेने गमन अपेक्षित असते आणि बहुधा घडत नाही, ते ठिकाण म्हणजे लाइन.*

२. संप्रदायभेद

लाइनीचा अर्थ कशावरून ठरतो, याविषयी तीन संप्रदाय मानावे लागतात.

धातुवादी म्हणतात की नाम हे रिकामे भांडे असून अर्थ क्रियापद ओतते. लाइन जाते तेव्हा ती वीज असते. लागते तेव्हा रांग. टाकली तर पाण्याचा पाइप. तोडली तर शिष्टाचारभंग. हे मत दीर्घकाळ निर्वेध नांदले असते. परंतु 'मारणे' या एका धातूने त्यास मोठी भेग पाडली. तिसरीतील विद्यार्थी वहीत समासाची लाइन मारतो आणि त्याचा मोठा भाऊ समोरच्या इमारतीतील मुलीवर लाइन मारतो. धातू तोच, नाम तेच, आणि पालकांची प्रतिक्रिया मात्र अगदी भिन्न.

येथे विभक्तिवाद्यांचा उदय होतो. त्यांच्या मते निर्णय प्रत्ययाच्या हाती आहे. 'वहीत' मारली तर लेखन, 'मुलीवर' मारली तर शृंगार. त्यांचे दुसरे प्रमाण अधिक बलवान आहे: 'लाइन लागली' म्हणजे गर्दी झाली, पण 'लाइनीला लागला' म्हणजे मुलगा मिळवता झाला. एवढ्याशा 'ला'ने एका कुटुंबाची चिंता मिटावी, हे प्रत्ययांच्या सामर्थ्याचे उत्कृष्ट उदाहरण होय.

तथापि 'लाइन सोडली' या वाक्यापुढे दोन्ही संप्रदाय निरुत्तर होतात. विद्यार्थ्याने एक ओळ कोरी ठेवली, उपकेंद्रातील ऑपरेटरने वीजपुरवठा सुरू केला, रांगेतील गृहस्थ कंटाळून घरी गेले, किंवा कोणी विम्याचा धंदा सोडून कोंबड्या पाळू लागला. चारही अर्थ समान शुद्ध. म्हणून तिसरा, स्थलवादी संप्रदाय सांगतो की वाक्य कोठे उच्चारले गेले हे आधी पाहावे: डीपीखाली, फळ्यासमोर, की सासुरवाडीत. आमचा कल या तिसऱ्या मताकडे आहे. सासुरवाडीत उच्चारलेल्या वाक्यास प्रत्यय कोणताही असो, अर्थ धंदा सोडल्याचाच घेतला जातो.

३. प्रकार पहिला: गमनागमनशीला

विदर्भ-मराठवाड्यात लाइन म्हटले की वीज. मुंबई-पुण्याकडे 'लाइट गेली' म्हणतात, म्हणजे परिणाम गेल्याचे सांगतात. तिकडे 'लाइन गेली' म्हणतात, म्हणजे कारणच गेले. दुसरा प्रयोग तत्त्वज्ञानदृष्ट्या अधिक सखोल आहे. या लाइनीचे उपप्रकारही सूक्ष्म आहेत: असूनही पंखा फिरवू न शकणारी ती डिम लाइन, तिन्ही वाहिन्या सिद्ध असणारी ती थ्री फेज, आणि 'येते-जाते करू लागली' अशी जिची कीर्ती, ती संशयात्मिका. हिची सेवा करणाऱ्या लाइनमनास वीज मंडळाच्या मराठीने 'तारमार्गतंत्री' ही पदवी बहाल केली. पदवी भारदस्त होती. तथापि मध्यरात्री विंचूकाट्यातून डीपीकडे जाणाऱ्या मनुष्यास हाक मारताना ती अपुऱ्या श्वासात मावत नसल्यामुळे मागे पडली असावी.

शेतीपंपाची थ्री फेज लाइन आळीपाळीने दिवसा आणि रात्री सोडली जाते. रात्रपाळीच्या आठवड्यात दोन वाजता उठून स्टार्टरचे हिरवे बटण दाबण्याचे कष्ट टळावेत म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो-स्विच जोडतो. लाइन आली की पंप आपोआप सुरू. हा उपाय एका शेतकऱ्यापुरता निर्दोष आहे. परंतु एकाच डीपीवरील सर्वांनीच तो केला असता, लाइन येताक्षणी सारे पंप एकदम उठतात, रोहित्रावर भार येतो, फ्यूज उडतो आणि लाइन जाते. अर्थात लाइनीचे आगमन हेच तिच्या निर्गमनाचे कारण होय. कार्यकारणभावाचे इतके आटोपशीर वर्तुळ दर्शनग्रंथांतही क्वचित आढळते. ऑटो-स्विच काढून टाकावेत, असे आवाहन महावितरण वेळोवेळी करते. पण प्रत्येक शेतकरी ते शेजाऱ्यास उद्देशून आहे असे मानतो, आणि तर्कदृष्ट्या त्याचे चुकत नाही.

४. प्रकार दुसरा: पंक्तिरूपा

या प्रकारात सामान्यरूपाचा वाद निर्णायक ठरतो. 'लाइनमध्ये उभे आहोत' असे म्हणणारा बहुधा फोनवर असतो. 'लाइनीत या!' असे ओरडणारा खरोखर उभा असतो. प्रत्ययाचा हा उपयोग कोणत्याही व्याकरणात सांगितलेला नाही, पण रेशनच्या दुकानापुढे तो पडताळून पाहता येतो.

पंक्तिरूपेचा आदि आणि अंत शोधणे हे साधकाचे पहिले कर्तव्य. आदि सहसा जाळीच्या खिडकीपाशी असतो. अंत मात्र चल आहे. आषाढीस पंढरपुरात दर्शनाची रांग मंदिरापासून निघून गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते, आणि तेथे उभा असलेला वारकरी आपण लाइनीत आहोत की गोपाळपुरात, या प्रश्नात पडत नाही. तेथेच साक्षात्काराची द्विविध व्यवस्था आढळते: पदस्पर्श दर्शनाची लाइन वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. लालबागच्या राजापुढेही नवसाची आणि मुखदर्शनाची अशा दोन लाइनी असतात. द्वैतमताचा हा व्यावहारिक विजय अद्वैत्यांनी मोकळेपणाने मान्य करावा. निदान भाद्रपदात तरी.

पुढे प्रश्न येतो प्रमाणांचा. एखादा मनुष्य लाइनीत आहे, हे कशावरून ठरवावे? तो दिसत असेल तर प्रत्यक्ष प्रमाण. तो दिसत नाही परंतु त्याची पिशवी, वीट, रिकामा सिलिंडर, किंवा टँकरच्या लाइनीत त्याचा हंडा दिसतो, तर अनुमान: जेथे जेथे हंडा, तेथे तेथे हंडेवाली. या व्याप्तीस व्यभिचार दोष आहे, कारण हंडेवाली त्या वेळी घरी भाकरी थापत असते. तरीही समाज हे अनुमान मान्य करतो आणि पुढचा हंडा मागच्या हंड्याच्या अधिकारास बाध आणत नाही. वीट मात्र विवाद्य आहे. वीट कोणाचीही असू शकते.

तिसरे शब्दप्रमाण: 'मी या काकांच्या मागे होते.' येथे काकांची साक्ष आवश्यक ठरते, आणि काका तटस्थ असतात. काकांची तटस्थता ही या शास्त्रातील सर्वांत कमी अभ्यासलेली बाब आहे. त्यांनी होय म्हटले तर मागच्यांचा रोष, नाही म्हटले तर त्या बाईंचा. म्हणून काका छताकडे पाहतात. छताकडे पाहण्याचा अर्थ होय घ्यावा, असा संकेत रूढ झाला आहे. मागाहून 'अहो, तुम्ही सांगा ना काही!' असे कोणी म्हणाल्यास काका चष्मा पुसतात, आणि हेही होयच.

लाइन तोडणाऱ्यांचे अनेक वर्ग आहेत. त्यांपैकी 'फक्त एक विचारायचंय' हा सर्वांत प्राचीन मानावा. तो खिडकीपाशी येतो, एक विचारतो आणि काम करून जातो. २०१६ च्या नोव्हेंबरात ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्यावर बँकांपुढे लागलेल्या लाइनींत हा वर्ग काही काळ लुप्त झाला होता, कारण सर्वांना तेच एक विचारायचे होते.

५. प्रकार तिसरा: लोहमार्गवाहिनी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा ३४ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला, तेव्हा लाइन एकच होती आणि तीस विशेषणाची गरज नव्हती. पुढे सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर अशी तिची गोत्रे झाली. मुंबईत 'तुम्ही कुठल्या लाइनला राहता?' हा प्रश्न पत्ता विचारण्यासाठी केला जातो, हा गैरसमज आहे. त्याने स्वभाव, कार्यालयात पोहोचण्याची वेळ आणि पावसाळ्यातील रजांची संख्या विचारली जाते. आंतरलाइनीय विवाह होतात. त्यांत माहेरपणाचा खर्च दादरच्या पुलावर मोजला जातो.

दादरचा विशेष उल्लेख करणे भाग आहे. तेथे सेंट्रल आणि वेस्टर्न ही दोन्ही गोत्रे एका छताखाली नांदत असूनही दोघांनीही आपापले फलाट एकपासूनच मोजले होते. त्यामुळे 'एक नंबरला भेटू' असे ठरवून दोन मित्र दोन निरनिराळ्या एकांवर एकनिष्ठपणे उभे राहत. २०२३ च्या डिसेंबरात हे द्वैत मिटवण्यात आले आणि सेंट्रलचे फलाट आठपासून चौदापर्यंत मोजले जाऊ लागले. सेंट्रलच्या प्रवाशांनी एका रात्रीत एकवरून आठवर जाणे कसे सोसले, याची नोंद मानसशास्त्राने घ्यावी. मेट्रोच्या काळात हाच प्रश्न रंगरूपाने पुन्हा उपस्थित झाला आहे: नागपूर, पुणे आणि मुंबई या तिन्ही शहरांत एकेक अ‍ॅक्वा लाइन आहे. एकाच नावाच्या तीन भिन्न लाइनी असणे आणि त्यांपैकी एकीही दुसरीस न मिळणे, हे आमच्या लक्षणास पोषकच होय.

लोहमार्गाची लाइन बेकायदा ओलांडल्यास १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पंक्तिरूपा लाइन तोडल्यास मात्र पुढचा नंबर मिळतो. कायद्याची ही विषमदृष्टी दोन्ही लाइनींना एकच नाव असताना समर्थनीय कशी, हे आम्हास उमगलेले नाही.

६. प्रकार चौथा: अभिलाषरूपा

येथे दोन क्रिया स्वतंत्र आहेत: मारणे आणि देणे. मारणे एकट्याने शक्य आहे. देण्यास दुसरी व्यक्ती लागते. घेणे या क्रियेचा प्रयोग आढळत नाही, कारण जो मारतो तोच मिळाल्याचे जाहीर करतो. साहित्यशास्त्रात ज्यास पूर्वराग म्हणतात, त्याचीच ही अवस्था. उद्दीपन विभाव पुढीलप्रमाणे: गरबा, गणपतीचा मांडव, कॉलेजचा कट्टा, आणि मित्राकडून एका संध्याकाळपुरती मागून आणलेली गाडी, तिच्यात पेट्रोल असल्यास.

'ती लाइन देते' हे विधान कशाच्या आधारे केले जाते, याची छाननी केली असता असिद्ध हेतूचा हेत्वाभास सर्वत्र आढळतो. तिने वही परत केली. तिने वही परत केली नाही. ती मागे वळली. मागे वळून तिने बसची पाटी वाचली, हे नंतर सिद्ध झाले तरी मूळ सिद्धान्त टिकतो, कारण त्यास मित्राचे भाष्य उपलब्ध असते. भाष्यकार नेहमी सूत्रकारापेक्षा अधिक आशावादी असतो. सिद्धान्त पुरेसा रूढ झाला की लक्षणेने ती व्यक्तीच लाइन बनते, 'ती माझी लाइन आहे', आणि ही गोष्ट संबंधित व्यक्तीस कळवण्याची पद्धत नाही. लाइन मारणे आणि पाठलाग करणे यांतील सीमारेषा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ ने आखली आहे. ती ओलांडणाऱ्यास कोणत्याही संप्रदायाचा आधार मिळणार नाही.

७. प्रकार पाचवा: वृत्तिवाचिका, आणि काही गौण

'मुलगा कुठल्या लाइनला आहे?' हा प्रश्न वधुपित्याचा. त्याचे उत्तर 'स्वतःचं काहीतरी करतो' असे आल्यास चहा येतो, पोहे येत नाहीत. दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, आर्ट्स या तीन लाइनींपैकी एक धरावी लागते, आणि चाळिशीत आपली लाइन चुकली असे कळते. ती चुकली नसती तर कोणती असती, याविषयी मात्र सर्वांस खात्री असते.

गौण प्रकार विस्तारभयास्तव आटोपते घेतो. ओळीने बांधलेली वसती: पोलीस लाइन, नागपूरच्या सिव्हिल लाइन्स, कोल्हापूरच्या कसबा बावड्यातील लाइन बाजार. गोलंदाजाची लाइन, जी लेंग्थवाचून राहत नाही. पक्षाची लाइन, जी प्रवक्त्यास सकाळी कळते. दुरेघी आणि चौरेघी वह्या. आणि डेडलाइन: अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६४ मध्ये, अँडरसनव्हिलच्या बंदिशिबिरात जी लाइन ओलांडताच कैद्यास गोळी घालत, तीवरून हा शब्द आला. आपल्याकडे तो काम सुरू करण्याची वेळ या अर्थाने स्थिरावला आहे.

८. संकरप्रकरण

अलंकारशास्त्रात दोन अलंकार तीळ-तांदळासारखे वेगळे ओळखता येतील तर संसृष्टी, दूधपाण्यासारखे मिसळले तर संकर. लाइनींचा संकर वीजबिल भरणा केंद्रात सर्वांत शुद्ध स्वरूपात मिळतो. दुपारी तीन वाजता लाइन लागली आहे. लाइन जाते. संगणक बंद, म्हणून लाइन थांबते. लाइनमनला फोन लावावा तर लाइन बिझी. ताटकळलेल्यांतला एक तरुण स्त्रियांच्या लाइनीकडे पाहू लागतो. त्या लाइनीतील एका मुलीचे वडील पुरुषांच्या लाइनीत, नेमके त्याच्याच मागे उभे असतात. ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारतात, 'काय हो, तुम्ही कुठल्या लाइनला?'

या प्रश्नातील लाइन कोणत्या प्रकारची मानावी, यावर संप्रदायांत एकमत नाही. विभक्तिवादी 'ला' या प्रत्ययावरून ती पाचव्या प्रकारात घालतात. स्थलवादी खांद्यावरील हाताकडे बोट दाखवून चौथ्याचा आग्रह धरतात. तरुणाने दुसरा प्रकार गृहीत धरून 'याच लाइनला आहे, काका, तुमच्या पुढे' असे उत्तर दिले, आणि ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. पहिल्या प्रकारची लाइन सव्वापाचला आली. खिडकी पाचला बंद होते.